किनवट परिसरात घर थंड ठेवण्यासाठी काय निवडावे : छत, पंखा, कूलर की एसी?

कापूस वेचून झाला, तूर-हरभरा घरी आला, की किनवट, माहूर, हिमायतनगर भागात उन्हाचा कडाका सुरू होतो. डोंगर आणि सागाचे जंगल असले तरी सागाची पाने गळून गेलेली असतात आणि दुपारचा पारा अनेक दिवस ४० अंशांच्या वर राहतो. पूर्वी या भागातली बरीच घरे कुडाच्या भिंतींची आणि कवेलूंची होती. आता त्यांच्या जागी पत्र्याची घरे आणि स्लॅबची घरकुले उभी राहिली आहेत. ही घरे पावसाला पक्की आहेत, पण उन्हाळ्यात जास्त तापतात. त्यामुळे कूलर किंवा एसी घेणाऱ्या कुटुंबांची संख्या दरवर्षी वाढते आहे.

घेताना बहुतेक जण किंमत आणि कंपनी बघतात. या भागात मात्र आधी चार गोष्टी बघाव्यात : छत कशाचे आहे, मे महिन्यात घरी पाणी किती येते, वीज किती वेळ आणि किती दाबाने मिळते, आणि त्या खोलीत काय साठवलेले आहे. या चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढली तर निवड बरीचशी आपोआप होते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. २०१५ च्या मे महिन्यात आपल्या सीमेपलीकडच्या तेलंगणात आणि आंध्र प्रदेशात मिळून दोन हजारांहून अधिक माणसे उष्णतेने दगावली. दिवसभर शेतात तापलेल्या शरीराला रात्री थंडावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक घातक ठरते. घरातले वृद्ध, लहान मुले, गरोदर आणि बाळंत स्त्रिया यांना तर दिवसभर त्याच घरात राहावे लागते.

घर तापते कसे?

एकमजली घरात बहुतेक उष्णता छतातून येते. मे महिन्याच्या दुपारी उघडा, गंजलेला पत्रा ६० ते ७० अंशांपर्यंत तापू शकतो. खाली बसलेल्या माणसाला ही धग थेट डोक्यावर लागते. पत्रा पातळ असल्याने सूर्य मावळला की लवकर निवतो. म्हणजे पत्र्याच्या घराची अडचण मुख्यतः सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेची असते.

स्लॅबचे उलट आहे. काँक्रीट सावकाश तापते आणि सावकाश निवते. दिवसभर साठलेली उष्णता ते संध्याकाळनंतर खोलीत सोडते, त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही. जुन्या माळवदाच्या किंवा कवेलूच्या घरात हा त्रास कमी होता, कारण मातीचा थर किंवा कवेलूंमधील फटी उष्णता अडवत किंवा बाहेर जाऊ देत.

पहिला खर्च छतावर करावा

छत उघडे ठेवून एसी लावणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. छतावरचा खर्च एकदाच होतो, त्याला वीज लागत नाही आणि पाणीही नाममात्र लागते. अहमदाबाद शहराने २०१३ पासून राबवलेल्या उष्णता कृती आराखड्यात पुढे गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचा भर याच कारणाने आला. पांढऱ्या छतामुळे खोलीतले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरते. घर किती उघडे आहे, भिंती कशाच्या आहेत, यावर हा फरक कमी-जास्त होतो.

- स्लॅब : छत झाडून, धुऊन घ्यावे. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यावा, त्यात थोडे फेव्हिकॉल मिसळून दोन हात द्यावेत. हे काम फाल्गुनात, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी करावे. पावसाने चुना धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा लावावा लागतो.
- पत्रा : जस्ताच्या पत्र्यावर चुना लावू नये. तो नीट धरत नाही आणि चुन्याचा क्षार जस्ताचा थर खातो. गंज घासून, प्रायमर मारून पांढरा बाहेरचा रंग किंवा उष्णता परावर्तित करणारा छताचा रंग द्यावा.
- शेडनेट : भाजीपाल्यासाठी आणलेले ५० ते ७५ टक्के सावलीचे जुने शेडनेट घरी असेल तर बांबू उभे करून छताच्या वर एक-दीड फूट अंतरावर ताणावे. पत्र्याला चिकटवून टाकल्यास उपयोग कमी होतो. मधून हवा खेळली पाहिजे.
- आतून छत : पत्र्याच्या खाली अर्धा ते एक फूट अंतर ठेवून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे आणि वरच्या पोकळीतली गरम हवा निघून जाण्यासाठी दोन्ही टोकांना झरोका ठेवावा. थर्माकोल लवकर पेटतो, तो टाळावा.
- पऱ्हाट्या, तुराट्या, कडबा : सावलीसाठी हे छतावर टाकण्याची पद्धत अनेक गावांत आहे. उन्हाळ्यात एका ठिणगीने घर जाऊ शकते. घरात कापूस साठवलेला असेल तर हा धोका मुळीच पत्करू नये.

छतावर सकाळी लवकरच चढावे. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावे.

छताबरोबर खिडक्यांचाही नियम पाळावा. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम असते तोपर्यंत, म्हणजे साधारण सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळपर्यंत, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्या बंद ठेवून बाहेरून गोणपाट किंवा तट्ट्या लावावा. रात्री सर्व खिडक्या उघडाव्यात.

पंखा : उपयोग कुठपर्यंत?

पंखा हवा थंड करत नाही. अंगावरचा घाम वाळवून तो शरीर थंड करतो. म्हणून हवा ३५-३६ अंशांपर्यंत असताना पंख्याने चांगला आराम मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे, की हवा ४० अंशांच्या वर गेली की केवळ पंख्यावर अवलंबून राहू नये, कारण तेव्हा तो गरम हवाच अंगावर फेकतो आणि शरीर आणखी तापू शकते. अशा वेळी ओले फडके अंगावर घेऊन पंख्याखाली बसावे, किंवा कूलरच्या खोलीत जावे.

साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढीच हवा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो आणि कमी दाबाच्या विजेवरही बऱ्यापैकी फिरतो. इन्व्हर्टर असेल तर बॅटरी जवळपास दुप्पट वेळ पुरते. किंमत साधारण अडीच ते साडेतीन हजार रुपये. वीज वारंवार जाणाऱ्या गावात छत पांढरे केल्यानंतरची पहिली खरेदी हीच करावी.

कूलर : आपल्या मे महिन्याचे यंत्र

कूलरचे तत्त्व शेतकऱ्यांना नवीन नाही. भाजीपाला टिकवण्यासाठी विटा आणि ओल्या वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधतात, पॉलिहाऊसमध्ये फॅन-पॅड लावतात किंवा उन्हाळ्यात माठ भरतात. या सगळ्यांत एकच गोष्ट घडते : पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता खेचते.

पाणी किती वाफ होईल हे हवा किती कोरडी आहे यावर ठरते. समुद्रापासून लांब असल्याने मराठवाड्यात एप्रिल-मेची दुपार कोरडी असते. बाहेर ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ताट्यांचा कूलर सुमारे २८ ते २९ अंशांची हवा देतो. म्हणजे १३ अंशांचा फरक. तोच कूलर मृगाच्या पावसानंतर, ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत, जेमतेम ३ अंश फरक पाडतो, आणि वर खोली दमट करतो. तेव्हा त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

आपल्या गावात कूलर किती चालेल, हे घरीच तपासता येते. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या टोकाला ओले सुती फडके गुंडाळून दोन्ही पंख्यासमोर सावलीत पाच-सात मिनिटे ठेवावेत. दोन्हींत १० अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर कूलर उत्तम काम करेल. फरक ५ अंशांपेक्षा कमी असेल तर पाणी वाया घालवू नये. कृषी सहायकांना गावातल्या बैठकीत हे प्रात्यक्षिक सहज दाखवता येईल.

कूलरचा आकार. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि दोनने भागावे. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट. तिला ६०० सीएफएम, म्हणजे तासाला सुमारे १,००० घनमीटर हवा लागते. पत्र्याच्या घरासाठी हा आकडा दीडपट धरावा. कूलरच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा हे छापलेले असते.

कूलर कुठे ठेवावा. सर्वांत मोठी चूक इथे होते. खोलीत मधोमध ठेवून दारे-खिडक्या बंद केल्या तर तीच ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात घाम वाळेनासा होतो. कूलर खिडकीबाहेर, सावलीत ठेवावा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर गेली पाहिजे. म्हणजे दिवसा खिडक्या बंद ठेवण्याचा नियम कूलर बंद असतानाचा. कूलर सुरू असताना हवेला बाहेर जायला वाट हवीच.

ताट्या. वुडवूलच्या म्हणजे लाकडी गवताच्या ताट्या स्वस्त असतात, पण दरवर्षी बदलाव्या लागतात. हनीकॉम्ब ताट्या महाग असल्या तरी नीट धुतल्यास तीन-चार हंगाम चालतात. वाळ्याच्या ताट्यांना सुवास असतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर ताट्यांवर पांढरा थर बसतो आणि हवा अडते. दर दोन-तीन दिवसांनी टाकीतले उरलेले पाणी काढून टाकावे.

बर्फ टाकावा का? फारसा उपयोग नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना घेते. बर्फाचे पैसे चांगल्या ताट्यांवर खर्च करावेत.

पाण्याचा हिशेब आधी मांडावा

मोठा डेझर्ट कूलर कडक उन्हात तासाला ८ ते १० लिटर पाणी सहज घेतो. दिवसाला दहा तास चालवला तर ८० ते १०० लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे एक कूलर जवळपास दोन माणसांच्या वाट्याचे पाणी घेतो. गोठ्यातले एक मोठे जनावर उन्हाळ्यात दिवसाला ६० ते ८० लिटर पिते. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस मराठवाडा विसरलेला नाही.

पैनगंगेकाठच्या किंवा बारमाही विहीर असलेल्या घराला ही अडचण नसेल. पण डोंगरावरच्या वाडीत, तांड्यावर, जिथे मे महिन्यात डोक्यावरून किंवा टँकरने पाणी येते, तिथे कूलर घेण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारावे, कारण ते पाणी बहुधा तिलाच वाहून आणावे लागते. अशा घराने छत, शेडनेट आणि बीएलडीसी पंख्यावर भर द्यावा, आणि कूलर घ्यायचाच असेल तर लहान, एकाच खोलीपुरता घेऊन दुपारी बारा ते पाच एवढाच चालवावा. भांडी धुतलेले साबणाचे पाणी कूलरमध्ये वापरू नये.

बियाण्याच्या खोलीत कूलर नको

ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. एप्रिल-मे मध्येच आपल्या घरी पुढच्या खरिपासाठी राखलेले सोयाबीनचे बियाणे असते. सोयाबीनचे आवरण पातळ असते आणि ते हवेतला ओलावा लवकर ओढते. बियाण्यात ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त झाला आणि वर उन्हाळ्याची उष्णता मिळाली, की उगवणक्षमता झपाट्याने उतरते. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण लागते. घरचे बियाणे त्याच्या खाली गेले तर दुबार पेरणीची वेळ येते. रात्री कूलरच्या गारव्यात आपण झोपतो, त्याच खोलीच्या कोपऱ्यातली पोती मात्र ओलावा पीत असतात.

म्हणून बियाणे, डाळी आणि युरिया यांसारखी खते कूलरच्या खोलीत ठेवू नयेत. दुसरी खोली नसेल तर पोती कूलरच्या झोतापासून दूर, लाकडी फळ्यांवर, भिंतीला न टेकवता ठेवावीत. पेरणीपूर्वी घरच्या घरी गोणपाटावर १०० दाणे ठेवून उगवण तपासावीच. पांढऱ्या छताचा फायदा इथेही होतो, कारण थंड आणि कोरडी खोली बियाण्यालाही मानवते.

एसी : केव्हा घ्यावा?

एसीला पाणी लागत नाही, तो ओलावा कमी करतो आणि बाहेर कितीही दमट असले तरी चालतो. घरात हृदयरोग, मूत्रपिंडाचा आजार असलेली किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल तर एका खोलीपुरता एसी घेणे योग्य ठरते. पण त्यासाठी खोली बंद करता आली पाहिजे. दार-खिडक्यांच्या फटी, कवेलूंमधील जागा, उघडा पत्रा असेल तर एसी अखंड चालत राहतो आणि बिल फुगते.

विजेचा हिशेब असा :

- बीएलडीसी पंखा, दहा तास : सुमारे ०.३ युनिट
- डेझर्ट कूलर, दहा तास : १.५ ते २ युनिट
- दीड टनाचा एसी, दहा तास : साधारण १० ते १२ युनिट, पत्र्याखाली त्याहून जास्त

महिन्याला कूलरचे ४५ ते ६० युनिट होतात, तर एसीचे ३०० हून अधिक. घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटनंतर दर चढतो. त्यामुळे एसीमुळे केवळ युनिट वाढत नाहीत, वरच्या टप्प्यातला प्रत्येक युनिटही महाग पडतो. आपल्या मागील मे महिन्याचे बिल हातात घेऊन हा हिशेब करावा. एसी घेण्यापूर्वी मंजूर भार आणि संध्याकाळचा विजेचा दाब इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा. तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. जानेवारी २०२० पासून देशात विकले जाणारे एसी सुरू होताना २४ अंशांवरच असतात, ते कमी करण्याची घाई करू नये.

शॉक आणि डास

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. लोखंडी बॉडी, पाणी, ओले पाय आणि खराब वायर हे चारही एकत्र येतात.

- पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा.
- तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग असावे. उन्हाळ्यात जमीन वाळते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.
- घराच्या मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. गळती होताच ते वीज तोडते. कूलरच्या किमतीत हा खर्च धरूनच चालावे.
- मुलांचा हात पोहोचेल असा कूलर ठेवू नये. पंपाची जोड दिलेली वायर पाण्यात लोंबू देऊ नये.
- आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. टाकी रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळा लागताच टाकी कोरडी करून, ताट्या काढून कूलर झाकून ठेवावा.

कोणत्या घराने काय निवडावे?

- पत्र्याचे घर, पाणी कमी, वीज अनियमित : पांढरा रंग, वर शेडनेट किंवा आत तट्ट्या, बीएलडीसी पंखा, दुपारी ओले फडके. कूलर नंतर.
- पत्र्याचे घर, पाणी पुरेसे : आधी छत, मग दीडपट क्षमतेचा कूलर खिडकीबाहेर.
- स्लॅबचे घरकुल : छताला चुना, पंखा, आणि संध्याकाळी सात ते मध्यरात्रीपर्यंत कूलर. २५ चौरस मीटरच्या घरकुलात एक मध्यम कूलर पुरतो. झोपण्याच्या आणि बियाण्याच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात.
- घरात गंभीर रुग्ण, वीज चांगली : छत सुधारून एका बंद खोलीत एसी, इतर खोल्यांत पंखे.

कोणाला उन्हामुळे चक्कर, उलटी, अंग गरम पण घाम नाही, बोलण्यात असंबद्धता अशी लक्षणे दिसली, तर कूलरसमोर झोपवून वाट पाहू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

या हंगामात एकच काम जमणार असेल तर ते छताचे करावे. कूलर किंवा एसी पुढच्या वर्षी घेतला तरी पांढऱ्या छताखाली तो लहान लागेल आणि कमी वेळ चालवावा लागेल.